खानविलकरांचा डावा डोळा

दांडिया बाजारातला आमचा स्टुडिओ उत्तरेकडे तोंड करून बसलाय,
म्हणून अजून चालतो.
पासपोर्टवाले येतात, ट्यूबा लावते, संपलं.
पण कुणी म्हणालं, "जरा नीट काढा,"
की मी ट्यूबा मालवते
आणि खिडकीवर बाबांचं जुनं धोतर ओढते.
शंभर धुण्यांनंतरचं धोतर, बाबा म्हणत,
त्याहून मऊ उजेड विकत मिळत नाही.

तुळाजीराव खानविलकर साडेदहाला आले.
वय एक्याऐंशी. पांढरा सदरा, कडक इस्त्री.
"भिंतीवर लावायचा फोटो," म्हणाले,
"नंतरचा.
आमच्या थोरल्या भावाचा लग्नाच्या ग्रुपमधून कापून मोठा केला,
खांद्यावर अजून कुणाचा तरी हात आहे.
कुणाचा, ते आता सांगायला कुणी नाही."

स्टुलावर बसले. मी मीटर हनुवटीखाली धरलं.
सदऱ्यावर मोजू नये, सदरा खोटं सांगतो;
गालाला विचारावं.
गाल म्हणाला, एक-साठांश, चार.
मग मी डोळ्यांकडे पाहिलं.

उजव्यात खिडकी थरथरत होती,
सुरसागरात पडलेल्या दिव्यासारखी, तुटत, जुळत.
डाव्यात ती स्वच्छ.
चार गज, आडवी पट्टी, कडीसुद्धा,
एवढीशी,
आणि अजिबात न हलणारी.
तेव्हा कळलं.

अशा वेळी काय करायचं ते हाताला ठाऊक असतं.
काही न बोलता स्टूल जरासं फिरवलं,
डावीकडचा थर्माकोल उचलून भिंतीला टेकवला.
नाकाची सावली गालावर चढली, डावी बाजू बुडाली.
चेहऱ्याला वजन आलं. शोभत होतं.
सभ्यपणाचा अर्धा स्टॉप अंधार,
त्याचं बिल लावत नाही आम्ही.

"बेन," ते म्हणाले, "त्याला का झाकलंत?"

कारखान्यात बाटली फुटली, एकोणऐंशी साली.
जखम भरल्यावर कंपाउंडरने ट्रे पुढे केला,
कप्प्याकप्प्यांत बुबुळं, पोरांच्या गोट्या जशा.
"मी म्हटलं, कुठलाही द्या, दिसणार तर नाहीच.
ही ऐकेना.
ट्यूबखाली नको म्हणाली, ट्रे उचलला, मला धरून
थेट रस्त्यावर.
एकेक माझ्या गालाशी धरून बघते,
सायकलवाले थांबलेत,
ही मान मागे घेते, डोळे बारीक करते, परत ठेवते.
अकरावा पसंत पडला.
तांबूस, कडेला हिरवट.
माझा म्हणे तसाच होता. मला काय माहीत?
दाढी करताना माणूस दाढीच बघतो."

मग उजव्या पापणीखाली बोट ठेवलं.
"हा बघा. मोतीबिंदू काढला, कड करडी झाली, पाणी येतं.
तिनं बघितलेला रंग
आता फक्त त्याच्यात आहे."

मी थर्माकोल परत आणला. पुरेना.
मग स्टूलच उलटं केलं, डावा गाल खिडकीला,
आणि मोजमाप पुन्हा पहिल्यापासून.
उजवी बाजू सावलीत गेली, जाऊ दिली.
एक स्टॉप जास्त दिला असता तर सुरकुत्या गेल्या असत्या
आणि त्यांच्याबरोबर रंगही.
कमी दिला असता तर हिरवट कड बुडाली असती.
मधे एक अरुंद जागा होती,
माणूस एकावेळी एकच जाईल अशी.
मी श्वास धरला. त्यांनी नाही.
ते खिडकीकडे बघत होते,
म्हणजे एक डोळा बघत होता
आणि दुसऱ्यात खिडकी होती.

रजिस्टरात लिहिलं: आठ बाय दहा, मॅट, दोन प्रती.
दुसरी कुणाला, विचारलं नाही.
फ्रेमला काच लावायची का, एवढं विचारलं.

"आणखी कशाला?" म्हणाले,
आणि जिना उतरताना
डाव्या बाजूचा कठडा
बोटांनी चाचपत गेले.